खळग्याची खोली दर सेक्टरला वेगळी का येते? तापट लाल बटू आणि त्याला चिकटून फिरणारा तपकिरी बटू

टेस या अवकाश दुर्बिणीचा डेटा उतरवून घेतला, लाइट कर्व्ह (ताऱ्याच्या तेजाचा वेळेनुसार आलेख) काढला, सोबती ताऱ्यासमोरून जाताना तेजात पडणारे खळगे अगदी नजरेत भरतील असे दिसतायत. पण पहिल्या सेक्टरमधून (टेस आकाशाच्या एका पट्ट्याकडे सुमारे सत्तावीस दिवस बघतो, तो एक सेक्टर) सोबत्याची त्रिज्या गुरूपेक्षा जरा मोठी येते आणि दुसऱ्यातून गुरूपेक्षा लहान. तारा तोच, सोबती तोच, मग हे काय?

हा प्रश्न दर दोन-तीन महिन्यांनी कुणीतरी विचारतंच. त्यावर ठरलेलं उत्तर असतं, "लाल बटू आहे, अंगभर डाग आहेत, खोली बदलणारच." मीही बरेच दिवस हेच सांगत होतो. मग एकदा कागद-पेन्सिल घेऊन हिशेब केला आणि लक्षात आलं की आपण चोर सोडून संन्याशाला फाशी देतोय. डागांचा वाटा असतो, पण फार थोडा. मोठा घोटाळा बहुतेक वेळा आपणच केलेला असतो, खळगा मोजण्याआधी केलेल्या "साफसफाई"त.

आकडे हवेत राहू नयेत म्हणून एक खरी जोडी समोर ठेवतो: टीओआय-२११९. तारा लाल बटू, म्हणजे सूर्याहून लहान आणि थंड, पण सक्रिय (डाग आणि उद्रेक असलेला, म्हणूनच तापट). वस्तुमान सूर्याच्या ०.५३ पट, त्रिज्या ०.५० पट, पृष्ठभागाचं तापमान ३,६२१ केल्विन. त्याच्याभोवती ७.२००८६५ दिवसांत फेरी मारणारा तपकिरी बटू, म्हणजे ग्रहाहून जड पण तारा होण्याइतका नाही असा पिंड: त्रिज्या गुरूच्या १.०८ पट, वस्तुमान ६४.४ पट. कक्षा चांगलीच लंबगोल, विकेंद्रता ०.३३७. दोन गटांनी २०२२ साली त्याचं मोजमाप वेगवेगळं प्रसिद्ध केलं. एकाचं वस्तुमान ६४.४, दुसऱ्याचं ६७, आणि दोघांचीही त्रुटी दोनच्या आसपास. म्हणजे मुरलेल्या लोकांमध्येही तीन-चार टक्क्यांचा फरक राहतो. तुमचा तेवढा असेल तर झोप उडवून घेऊ नका. त्रिज्या दहा-पंधरा टक्क्यांनी नाचत असेल तर मात्र पुढे वाचा.

आधी खोली किती यायला हवी ते बघू. गुरूची त्रिज्या सूर्याच्या साधारण एक दशांश. १.०८ गुरू भागिले अर्धा सूर्य म्हणजे ०.२२, त्याचा वर्ग ०.०४९. तारा जवळजवळ ५ टक्के मंदावतो. ग्रह शोधणारे लोक हजारातल्या एका भागासाठी जीव टाकतात, आणि इथे शंभरात पाच! एवढा मोठा खळगा चुकायचा कसा? मोठा आहे, नेमका म्हणूनच चुकतो.

पहिला संशयित: तुमची आउटलायरची कात्री

लाइटकर्व्ह या पायथन पॅकेजमध्ये "रिमूव्ह आउटलायर्स" आहे. काही न सांगता चालवलं तर ते मधल्या पातळीपासून पाच सिग्मापलीकडचे (सिग्मा म्हणजे बिंदू किती विखुरलेत त्याचं माप) सगळे बिंदू आउटलायर, म्हणजे फटकून पडलेले, समजून उडवतं, वरचेही आणि खालचेही. या ताऱ्यासारख्या बऱ्यापैकी उजळ लक्ष्याच्या दोन मिनिटांच्या डेटात बिंदूंचं विखुरणं खळग्यापेक्षा कितीतरी लहान असतं, त्यामुळे खळग्याचा तळ हाच सगळ्यात मोठा आउटलायर ठरतो. तळ गेला, कडा उरल्या. उरलेल्या कडांवर फिट बसवलं की सोबती बारीक होतो. सेक्टरमध्ये डाग जास्त असतील, आलेखाची लाट मोठी असेल, तर सिग्मा फुगतो आणि खळगा वाचतो. लाट शांत असेल तर खळगा कापला जातो. म्हणून "दर सेक्टरला वेगळं". डाग इथे साक्षीदार आहेत, गुन्हेगार नाहीत.

उपाय एका ओळीचा. खालच्या बाजूची मर्यादा (सिग्मा लोअर) अनंत ठेवा आणि कात्री फक्त वर चालवा. पण वर चालवतानाही सांभाळून. तापट लाल बटूचा फ्लेअर (अचानक होणारा उद्रेक) झटक्यात चढतो आणि सावकाश उतरतो. कात्रीने त्याचं टोक उडतं, शेपटी तशीच राहते. ती शेपटी खळग्याच्या आधी तासभर असली तर तुमची "नॉर्मल" पातळी वर उचलते, आणि खळगा उगाच खोल दिसतो. फ्लेअर दिसला की टोकापासून शेपटी विझेपर्यंतचा सगळा तुकडाच झाका. आणि फ्लेअर खळग्याच्या आतच उसळला असेल? तो खळगा सोडून द्या. बाकीचे आहेत की. एका सेक्टरच्या सत्तावीस दिवसांत ७.२ दिवसांच्या आवर्तनाचे तीन-चार खळगे मिळतात, मधल्या डेटा पाठवण्याच्या खंडात एखादा हरवला नाही तर.

दुसरा संशयित: इस्त्री

"फ्लॅटन" हे फंक्शन सगळ्यांचं लाडकं. एक ओळ लिहायची आणि डागांची लाट गायब. त्याची खिडकी, म्हणजे लाट ओळखायला एका वेळी घेतलेला तुकडा, न सांगता १०१ बिंदूंची असते. दोन मिनिटांच्या डेटात १०१ बिंदू म्हणजे ३ तास २२ मिनिटं. आता आपल्या जोडीचं अधिक्रमण (सोबत्याचं ताऱ्यासमोरून जाणं) किती वेळ चालतं? कक्षेचा आकार आणि ताऱ्याची त्रिज्या घालून काढलं तर दोन तासांच्या आसपास. म्हणजे खिडकीचा निम्म्याहून जास्त भाग खळग्यानेच भरलेला. त्या तुकड्यावर बसवलेल्या बिचाऱ्या बहुपदीला (वक्राला) कसं कळावं की ही लाट नाही, सोबती आहे? ती खळग्याच्या पोटात वाकते, त्याला थोडंसं भरून टाकते, आणि दोन्ही कडांना खोटे खांदे उभे करते. आलेखात खळग्याच्या डाव्या-उजव्या बाजूला पातळीच्या वर आलेले उंचवटे दिसले तर दुसरं काही तपासायची गरजच नाही, रोग तिथेच आहे.

फंक्शन स्वतःहून तीन सिग्माबाहेरचे बिंदू बाजूला ठेवायचा प्रयत्न करतं, त्यामुळे कधी खळगा वाचतो, कधी अर्धा वाचतो. पूर्ण मोडलेलं यंत्र बरं, कारण ते मोडलंय हे कळतं. हे अधूनमधून चालणारं यंत्र माणसाला वेड लावतं.

मी आता असं करतो. खळग्यांच्या वेळा माहीत असल्या की त्या आधी झाकायच्या, दोन्ही बाजूंना अर्धा-पाऊण तास मोकळा ठेवून. मग उरलेल्या डेटावरून लाट काढायची आणि ती झाकलेल्या भागातून पुढे नेऊन भागायची. खिडकी कमीत कमी खळग्याच्या कालावधीच्या तिप्पट, शक्य असेल तर दिवसभराची. टीओआय-२११९ चा तारा स्वतःभोवती साधारण १३ दिवसांत एकदा फिरतो. एवढी संथ लाट दिवसभराच्या खिडकीत आरामात धरता येते. तिच्यासाठी साडेतीन तासांची खिडकी म्हणजे सुईच्या कामाला पहार.

जाता जाता या १३ दिवसांबद्दल एक सावधगिरी. टेस पृथ्वीभोवती १३.७ दिवसांत फेरी घालतो आणि दर फेरीला डेटात तुटकपणा येतो. ताऱ्याचं परिवलन आणि दुर्बिणीची फेरी इतकी जवळ असली की टेसच्या एकट्या लाइट कर्व्हवरून "१३ दिवस" म्हणताना जीभ चावावी. जमिनीवरच्या लांब पल्ल्याच्या सर्वेक्षणाशी (उदाहरणार्थ झेडटीएफ, त्याचा डेटा खुला आहे) पडताळून मगच लिहावं.

तिसरा, आणि माझ्या मते खरा चोर: शेजाऱ्याचा उजेड

टेसचा एक पिक्सेल आकाशात २१ विकलांचा (एक विकला म्हणजे अंशाचा ३,६०० वा भाग). त्यात तुमच्या ताऱ्याबरोबर आणखी कोण बसलंय हे टेसला वेगळं सांगता येत नाही. शेजाऱ्यांचा उजेड एकूण उजेडाच्या दहा टक्के असेल तर खळगा दहा टक्क्यांनी उथळ दिसतो आणि त्रिज्या सुमारे पाच टक्क्यांनी कमी निघते. लाल बटू मुळात मंद, त्यामुळे शेजारी एरवी नगण्य असला तरी इथे त्याचं वजन पडतं.

आता बघा गंमत कुठे होते. टेसच्या अधिकृत दोन मिनिटांच्या फाइलमध्ये दोन स्तंभ असतात. सॅप म्हणजे कच्चा बेरजेचा प्रकाश. पीडीसीसॅप म्हणजे यंत्राचे दोष काढलेला, आणि त्यात शेजाऱ्यांचा उजेड *आधीच* वजा केलेला. किती वजा केला ते फाइलच्या हेडरमध्ये "क्राउडसॅप" या नावाखाली लिहिलेलं असतं. हा आकडा दर सेक्टरला बदलतो, कारण दुर्बीण वळलेली असते, तारा पिक्सेलच्या वेगळ्या कोपऱ्यात पडतो, मोजणीचं छिद्र (बेरजेत घेतलेल्या पिक्सेलांचा गट) वेगळं असतं.

माझी स्वतःची चूक सांगतो. एका ताऱ्याच्या एका सेक्टरचा पीडीसीसॅप मिळाला, दुसऱ्या सेक्टरसाठी दोन मिनिटांची फाइलच नव्हती, म्हणून पूर्ण चौकटीच्या चित्रांतून (कॅमेऱ्याला दिसणाऱ्या संपूर्ण आकाशाच्या) मी स्वतः छिद्र आखून प्रकाश काढला. दोन्ही जोडले आणि "खोली बदलते" म्हणून आठवडाभर डाग, चुंबकीय चक्र, काय काय वाचत बसलो. एकात शेजारी वजा होता, दुसऱ्यात नव्हता. बस्स. आणि ते कळल्यावर उत्साहाच्या भरात मी दोन्हींतून शेजारी वजा केला, म्हणजे पहिल्यातून दुसऱ्यांदा! आता फरक उलट्या दिशेने आला.

शिवाय पूर्ण चौकटीच्या चित्रांचा कालांतर (दोन नोंदींमधला वेळ) सारखा नाही. २०१८ ते २०२० मध्ये दर ३० मिनिटांनी, पुढची दोन वर्षं दर १० मिनिटांनी, आणि त्यानंतर दर २०० सेकंदांनी. ३० मिनिटांच्या सरासरीत दोन तासांच्या खळग्याच्या उभ्या कडा कलतात, त्याचा पेला होतो. मॉडेलने तो कल "कडेवरून घासून गेलेलं अधिक्रमण" म्हणून वाचला की त्रिज्या पुन्हा भलतीकडे. मॉडेलही त्याच कालांतरात सरासरी घेऊन बसवा. जवळजवळ प्रत्येक फिटिंग पॅकेजमध्ये याची सोय असते, फक्त ती चालू करावी लागते.

शेजारी किती महाग पडू शकतो याचं टोकाचं उदाहरण एनजीटीएस-७. चिलीतल्या परानालहून चालणाऱ्या सर्वेक्षणात हा एकच तारा वाटत होता. प्रत्यक्षात तिथे जेमतेम एका विकलेच्या अंतरावर जवळपास सारख्या तेजाचे दोन लाल बटू आहेत. खळगा त्यातल्या एकाचा, पण उजेड दोघांचा. शेजारी हिशेबात घेतल्याशिवाय तो सोबती तरुण, फुगलेला तपकिरी बटू आहे हे कळलंच नसतं. केप्लर दुर्बिणीच्या काळात एलएचएस ६३४३ चीही हीच तऱ्हा होती: दोन लाल बटू एकाच ठिपक्यात, आणि त्यातल्या एकाभोवती १२.७ दिवसांत फिरणारा तपकिरी बटू. म्हणून खळगा दिसला की मी आधी गाया या अवकाश दुर्बिणीने केलेल्या ताऱ्यांच्या यादीत आजूबाजूचे तारे बघतो, मगच बाकी सगळं.

मग डाग काहीच करत नाहीत का?

करतात. हिशेब करून बघा. समजा डागांमुळे तारा एकूण २ टक्के मंद झालाय आणि सोबती डागांवरून न जाता स्वच्छ भागावरून जातोय. तेवढाच प्रकाश झाकला, पण भागायला एकूण प्रकाश २ टक्क्यांनी कमी. खोली ५.० ची ५.१ टक्के होते. त्रिज्येत फरक एक टक्का. दहा-पंधरा टक्क्यांचा नाच यातून काही होत नाही. सोबती डागावरूनच गेला तर खळग्याच्या तळाशी छोटा उंचवटा दिसतो, तो झाकून टाका किंवा मॉडेलमध्ये धरा.

डागांचा खरा उपद्रव वेगळ्याच ठिकाणी आहे आणि त्याकडे लक्ष जात नाही. सम-विषम चाचणी सगळ्यांना माहीत आहे. पहिला, तिसरा, पाचवा खळगा एका बाजूला, दुसरा, चौथा, सहावा दुसऱ्या बाजूला. खोली वेगळी निघाली तर "ही दोन ताऱ्यांची जोडी आहे, आवर्तन दुप्पट आहे" म्हणून उमेदवार बाद. आता आपल्या जोडीत कक्षा ७.२ दिवसांची, परिवलन १३.१ च्या आसपास. एका अधिक्रमणापासून दुसऱ्यापर्यंत तारा अर्ध्या फेरीहून थोडा जास्त फिरतो. म्हणजे विषम खळग्यांच्या वेळी ताऱ्याचा एक चेहरा समोर, सम खळग्यांच्या वेळी जवळजवळ पाठ! एका बाजूला डाग जास्त असतील तर सम-विषम फरक येणारच, आणि चांगला उमेदवार केरात जाणार. काही महिन्यांचा डेटा असेल तर तपासणं सोपं आहे. अर्ध्या फेरीहून जे थोडंसं जास्त आहे, ते साचत जातं आणि चेहऱ्यांची अदलाबदल होते. फरकाची दिशा उलटली तर डाग. तशीच राहिली तर दोन तारे.

जुना आणि नवा डेटा एकत्र दुमडल्यावर खळगा पसरट होतो

दुमडणं म्हणजे सगळ्या फेऱ्या आवर्तनानुसार एकमेकांवर ठेवणं. इथे फार बोलायला नको. आवर्तन ७.२ लिहिलंत का? उरलेले ०.०००८६५ दिवस म्हणजे सव्वा मिनिट. वर्षात पन्नास फेऱ्या, म्हणजे वर्षाला तासाभराची घसरण. दोन वर्षांनी खळगा स्वतःच्या रुंदीएवढा सरकलेला असतो. सगळे दशांश ठेवा. आणि टेसच्या वेळेत २४,५७,००० मिळवल्याशिवाय ती इतरांच्या (ज्युलियन दिवसांतल्या) वेळेशी जुळत नाही, हेही एकदा बघा.

दुय्यम ग्रहण सापडत नाही

सोबती ताऱ्यामागे जातो तेव्हा त्याचा स्वतःचा मंद उजेड हरवतो. तो मिळाला तर सोबत्याचं तापमान मिळतं, म्हणून सगळे कलेच्या ०.५ वर (अधिक्रमणानंतर बरोबर अर्ध्या फेरीवर) जाऊन शोधतात. काही दिसत नाही. दिसणार कसं? ०.५ हे वर्तुळाकार कक्षेचं घर. ०.३३७ एवढी विकेंद्रता असेल तर लंबगोल कोणत्या बाजूला कललाय त्यावर दुय्यम ग्रहण अर्ध्या फेरीपासून दीड दिवसापर्यंत पुढे-मागे सरकू शकतं. संपूर्ण कक्षा चाळा. खोली ढोबळ हिशेबाने हजारात एक भाग, त्यामुळे सगळे फेरे एकमेकांवर ठेवल्याशिवाय उठून दिसत नाही. आणि इथे ती साडेतीन तासांची इस्त्री फिरवली असेल तर शोधायची तसदीसुद्धा घेऊ नका, ते पुसलं गेलंय. टीओआय-२११९ मध्ये हे ग्रहण सापडलं आणि त्यावरून सोबत्याचं तापमान सुमारे २,०३० केल्विन निघालं. विकेंद्रता इतकी नेमकी कळण्यातही त्याच्या जागेचा मोठा हात आहे.

जिथे वरचं काहीच चालत नाही

एनजीटीएस-७ए पुन्हा. तिथला तपकिरी बटू १६.२ तासांत फेरी मारतो, आणि त्याने भरतीच्या ओढीने ताऱ्यालाही तेवढ्याच वेगाने गरगरायला लावलंय. डागांची लाट १६.२ तासांची आणि खळगाही दर १६.२ तासांनी. टीओआय-२६३ मध्ये तेच, आवर्तन साडेतेरा तासांच्या जवळ. लाट आणि खळगा एकाच तालावर असले की खिडकी मोठी ठेवा तर लाट राहते, लहान ठेवा तर खळगा जातो. अशा वेळी आधी साफ करू आणि मग मोजू हा क्रमच सोडायचा. लाटेसाठी गॉसियन प्रोसेस (लवचीक सांख्यिकी वक्र) आणि खळग्यासाठी अधिक्रमणाचं मॉडेल, दोन्ही एकाच वेळी कच्च्या डेटावर बसवायचे. संगणक रात्रभर चालेल, चालू दे. यातून येणारी त्रुटी आधीपेक्षा मोठी असेल आणि तीच खरी असेल.

त्रिज्या नीट आली, आता तपकिरी बटू म्हणू का?

नाही. या वजनगटात त्रिज्या काही बोलत नाही. टीओआय-५१९ चा सोबती गुरूएवढा आणि टीओआय-२६३ चाही जवळपास गुरूएवढा, दोन्ही लाल बटूंना चिकटून. पहिला गुरूच्या निम्म्या वस्तुमानाचा ग्रह, दुसरा गुरूच्या ६१.६ पट वस्तुमानाचा तपकिरी बटू. खळगा बघून फरक सांगणारा माणूस अजून भेटायचाय. सोबती बऱ्यापैकी तापलेला असेल तर वेगवेगळ्या रंगांच्या फिल्टरमध्ये खोली बदलते, तेवढीच एक खूण हौशी दुर्बिणीच्या आवाक्यातली. बाकी वर्णपट लागतो.

वर्णपटाच्या बाबतीत मात्र नशीब आपल्या बाजूने आहे. लाल बटूंभोवती ग्रह तोलणारे लोक डागांच्या नावाने बोटं मोडतात, कारण डाग आणि ग्रह दोघंही ताऱ्याचा अरीय वेग (आपल्याकडे येण्याचा किंवा दूर जाण्याचा वेग) सेकंदाला मीटरांत हलवतात. टीओआय-२११९ च्या जागी गुरूच्या वजनाचा ग्रह असता तर ताऱ्याला सेकंदाला दीडशे-एक मीटरचा हेलकावा बसला असता. ६४ गुरूंचा सोबती तोच हेलकावा १० किलोमीटरवर नेतो. डागांची कुरकुर त्यात ऐकूही येत नाही. कक्षेच्या दोन टोकांना घेतलेले दोन बरे वर्णपट "ग्रह की त्याहून जड" याचं उत्तर देतात. विकेंद्रतेसाठी अर्थात आणखी हवेत. टेक्सासमधल्या हॉबी-एबर्ली दुर्बिणीवरचा एचपीएफ वर्णपटमापक अवरक्तात बघतो, जिथे लाल बटू उजळ असतात. ६७ गुरूंचं मोजमाप त्याच्यावरच झालं.

इतकं सगळं करूनही आकडा नाचत असेल, तर कुणाला दाखवताना सपाट केलेला, दुमडलेला, चकचकीत आलेख दाखवू नका. एकाच खळग्याचा, आजूबाजूच्या सहा-सहा तासांसकट, कच्च्या सॅपचा आलेख ठेवा. सोबत त्या सेक्टरचा क्राउडसॅप, छिद्राचं चित्र आणि कालांतर किती मिनिटांचा होता ते. माझ्याकडे आलेल्या निम्म्याअधिक तक्रारी हा आलेख काढतानाच मिटल्या, पाठवायची वेळच आली नाही.